लिहिणं सुटू नये म्हणून: नव्या कथालेखकांसाठी एका दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत

दिवाळी अंक हातात आले की लिहायची ऊर्मी येणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. एखादी कथा वाचून संपते आणि वाटतं, असं तर आपल्याकडेही सांगण्यासारखं आहे की. तुळशीच्या लग्नापर्यंत नवी वही येते, पहिली चार पानं भरतात. संक्रांतीपर्यंत ती वही कपाटात गेलेली असते.

आमच्या गावच्या वाचनालयात नव्याने लिहिणाऱ्यांची महिन्यातून एकदा बैठक भरते. ती मी बरीच वर्षं चालवते आहे. तिथे येणाऱ्या बहुतेकांची हीच गोष्ट असते, आणि विचारलं की उत्तरही एकच असतं: ‘सुचत नाही हो.’ मला ते पटत नाही. सुचत नाही म्हणून थांबलेली माणसं मी फार थोडी पाहिली. बाकीच्यांच्या डोक्यात गोष्टी भरपूर असतात. त्यांच्या लिहिण्याची वाट पाहणारं मात्र कोणी नसतं. कथा आज पूर्ण झाली काय आणि पुढच्या वर्षी झाली काय, जगात कोणाचंच अडत नाही, आणि अशा वेळी नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा आपोआप पुढे सरकतात.

म्हणून उमेद कधी येईल याची वाट बघत बसू नका, तिची व्यवस्था लावा. कोणीतरी वाट पाहील असा एक माणूस, एक तारीख आणि एक पत्ता, इतकं असलं तरी लिहिणं चालू राहतं. ते कसं जमवायचं हे पुढे पायरीपायरीने सांगते. नजरेसमोर ठेवायला मुक्काम म्हणून मी दिवाळी अंक निवडला आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्याला वर्षातून एकदा येणारी, न चुकणारी तारीख मिळाली आहे. आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. त्यांतले पाच-दहाच नामवंत लेखकांनी भरलेले असतात. बाकीच्यांना नवं लिहिणारं माणूस हवंच असतं.

पहिली पायरी: विचारणारा एक माणूस

पहिला वाचक घरातला असावा असं काही नाही. उलट घरातला नसलेला बरा. नवऱ्याला किंवा बायकोला कथा दाखवली की दोनच गोष्टी होतात: ‘छान आहे’ म्हणून फोन परत मिळतो, नाहीतर ‘ही आत्या म्हणजे आपल्या ठाण्याच्या आत्याच ना?’ अशी चौकशी सुरू होते. दोन्हींतून पुढचं पान निघत नाही. शाळेतली मैत्रीण, ऑफिसातला वाचणारा सहकारी, वाचनालयात रोज पेपर चाळायला येणारे शेजारचे काका, यांच्यात शोधा. अट एवढीच की त्या माणसाला गोष्टी ऐकायची आवड हवी. त्याला स्वतःला लिहिता आलं पाहिजे असं नाही.

विचारताना ‘माझं लिखाण वाचून अभिप्राय द्याल का?’ असं विचारू नका. अभिप्राय म्हटलं की समोरच्याला परीक्षक झाल्यासारखं वाटतं आणि तो दडपतो. ‘दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्हाला चार पानं पाठवीन. वाचून फक्त सांगायचं, कुठे आणखी ऐकावंसं वाटलं आणि कुठे लक्ष उडालं,’ असं सांगा. एवढं कोणालाही जमतं. रविवार ठरला की तुमच्याही मागे तारीख लागते.

कौतुक आणि उमेद यांत काय फरक असतो ते मी आमच्या बैठकीत फार जवळून पाहिलं आहे. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका यायला लागले होते. पहिल्यांदा त्यांनी जे वाचलं त्याची सुरुवात ‘एसटी हे ग्रामीण समाजजीवनाचे प्रतिबिंब आहे’ अशी होती आणि पुढची दोन पानंही त्याच सुरात. सगळ्यांनी ‘वा, छान’ म्हटलं. काकांनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे आता पुन्हा यायचे नाहीत. तेवढ्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं, ‘काका, मुक्कामाची गाडी असली की तुम्ही झोपायचात कुठे?’

काका बोलायला लागले. उन्हाळ्यात गाडीच्या टपावर, थंडीत आत मागच्या सीटवर. कॅशबॅग उशाला. आधी वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पुरं करायचं, मग दिव्याच्या उजेडात तिकिटांच्या ट्रेशी पैशांचा मेळ घालायचा, तोवर ड्रायव्हरचं घोरणं सुरू. पहाटे चारला काचेवर टकटक व्हायची. मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन एक म्हातारी उभी असायची, बाजाराला जाणारी. गाडी सुटायला तासभर असायचा, पण तिला आतच बसायचं असे, कारण बाहेर कुत्री होती. एकदा ती आली नाही, तर ड्रायव्हरने गाडी सुरू करून पाच मिनिटं तशीच उभी ठेवली. हॉर्न वाजवला नाही, कोणी काही बोललंही नाही.

मुलीने विचारलं, ‘मग? आली का ती?’

काकांनी पुढच्या महिन्यात जी कथा आणली तिचा पहिला शब्द ‘टकटक’ होता. समाजजीवन, प्रतिबिंब वगैरे सगळं गळून पडलं होतं. ‘छान’ऐवजी ‘मग?’ म्हणणारं माणूस मिळालं की काय होतं, हे तेव्हापासून मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. तुमचा पहिला वाचक निवडताना हीच कसोटी लावा. तो स्तुती किती करतो हे सोडून द्या, पुढचं विचारतो का ते बघा.

आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात असे विचारणारे वारंवार भेटतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने कागदावर उतरवून घेतल्या. बहिणाबाई 1951च्या डिसेंबरात गेल्या आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या कविता 1952 साली पुस्तकरूपाने आल्या. उतरवून घेणारं कोणी नसतं तर आपल्यापर्यंत त्यातलं काय पोचलं असतं? लक्ष्मीबाई टिळकांनाही शाळा मिळाली नव्हती, अक्षरओळख नवऱ्याने घरी करून दिली. नवऱ्याच्या आठवणी लिहून दे म्हणून मुलगा मागे लागला आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभी राहिली. पहिला भाग 1934 साली आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. साठीनंतर वही उघडणाऱ्यांनी ‘आता काय उपयोग’ हे मनातून काढून टाकावं.

दुसरी पायरी: वेळ

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहाटे पाचला उठून लिहायचा संकल्प करू नका, तो आठवड्यात मोडतो आणि मोडल्याची टोचणी लिहिण्याला चिकटते. जो वेळ आजही तुमचाच आहे तो घ्या: लोकलमध्ये बसायला मिळालेली वीस मिनिटं, मुलांच्या क्लासबाहेर थांबायचा अर्धा तास, दुपारी स्वयंपाकघर आवरल्यावरचा निवांतपणा. वही काढणं शक्य नसेल तर फोनवर बोलून टाइप करा. आता मराठी आवाजावरून बऱ्यापैकी बरोबर उतरतं, आणि बोलून लिहिलेल्या कथेत संवाद जिवंत राहतात हा वरचा फायदा. विरामचिन्हं आणि जोडाक्षरं नंतर हाताने दुरुस्त करावी लागतात, तेवढी तयारी ठेवा.

उठताना एक सवय लावून घ्या. पुढे काय येणार आहे ते दोन-तीन शब्दांत लिहून मगच वही मिटा. ‘म्हातारीची सून येते, गाठोडं तिच्याकडे’ एवढं लिहिलेलं असलं तरी दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

‘दिसामाजीं कांहीं तरी तें लिहावें’ ही समर्थांची ओळ नव्या लेखकाला सगळेच ऐकवतात. तिची पुढची ओळ, ‘प्रसंगीं अखंडित वाचीत जावें’, कोणी ऐकवत नाही. ज्या दिवशी लिहिणं होत नाही त्या दिवशी एक कथा वाचा, आणि तो दिवस वाया गेला असं मानू नका.

तिसरी पायरी: छापलेलं पहिलं नाव

कथा छापून यायला वर्ष जाईल. तोवर हातात काहीतरी पडलं पाहिजे, नाहीतर धीर सुटतो. त्यासाठी वर्तमानपत्रातल्या वाचकपत्रांइतकी चांगली शाळा मला दुसरी ठाऊक नाही. ‘लोकसत्ता’तलं ‘लोकमानस’, ‘महाराष्ट्र टाइम्स’मधलं ‘बहुतांची अंतरे’, तुमच्या जिल्ह्याच्या दैनिकातला पत्रांचा रकाना, यांतला एक निवडा आणि आठवडाभर नुसता वाचा. मग पत्र लिहा. त्याच दिवशीच्या किंवा आदल्या दिवशीच्या बातमीवर, एकच मुद्दा घेऊन, शेवटी पूर्ण नाव आणि गाव. ‘आपल्या लोकप्रिय दैनिकातून’ ही सुरुवात टाळा. तुम्हाला स्वतःला जे माहीत आहे त्यावरच लिहा. तुमच्या गल्लीतल्या नळाला आठवड्यातून किती वेळा पाणी येतं हे जगात तुमच्याइतकं कोणालाच नीट माहीत नसतं.

पत्र छापून आलं की कापून ठेवा, आणि खरं काम त्यानंतर करा. तुम्ही पाठवलेला मजकूर आणि छापलेला मजकूर शेजारीशेजारी ठेवून बघा. संपादकाने काय गाळलं? बहुतेक वेळा पहिला परिच्छेद गेलेला असतो आणि दुसऱ्यापासून पत्र सुरू झालेलं असतं. विशेषणं गेलेली असतात. ‘या निमित्ताने असे म्हणावेसे वाटते की’ गेलेलं असतं. अनुभवी माणसाने तुमच्या वाक्यांवर फुकट हात फिरवून दिलेला असतो. पाच-सहा पत्रं अशी ताडून पाहिली की कथेतही पहिला परिच्छेद आपण होऊन खोडायला लागाल.

सोसायटीची स्मरणिका, गणेशोत्सव मंडळाची पुस्तिका, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं हस्तलिखित, हेही कमी लेखू नका. तिथे तारीख असते, आणि वाचणारे तुम्हाला नाक्यावर भेटतात.

चौथी पायरी: अंकाचं वर्ष समजून घ्या

बरेच जण सप्टेंबरात कथा पूर्ण करतात आणि उत्साहाने पाठवतात. तोवर अंकातल्या कथांची निवड होऊन गेलेली असते. मग उत्तर येत नाही आणि आपल्यात काही दम नाही असं मनाने घेतलं जातं. हे टाळता येतं, म्हणून वर्ष कसं चालतं ते सांगते.

डिसेंबर ते मार्चमध्ये वाचनालयात बसून गेल्या दिवाळीचे अंक बघा. नुसत्या कथा वाचू नका, श्रेयनामावलीचं पान बघा. संपादक कोण, पत्ता आणि ईमेल काय, हे सगळं तिथे असतं. मग बघा की त्या अंकात नावं न ऐकलेले लेखक किती आहेत. जिथे निम्मे अनोळखी आहेत तो अंक नव्यांसाठी खुला आहे. असे सात-आठ पत्ते वहीत उतरवा. ज्या अंकातली एकही कथा तुम्ही वाचलेली नाही त्याला कथा पाठवू नका. विनोदी अंकाला शोककथा आणि ज्योतिषाच्या अंकाला विज्ञानकथा पाठवणारे दरवर्षी असतातच.

एप्रिल-मे हे लिहायचे महिने. मे-जूनपासून अंकांची आवाहनं यायला लागतात, कथास्पर्धा जाहीर होतात. जूनअखेर ते ऑगस्ट या काळात बहुतेकांच्या मुदती असतात. गणपती येतात तोवर निवड होत आलेली असते, पुढे मांडणी, मुद्रितशोधन आणि छपाई. त्यामुळे तुमची कथा जून संपायच्या आत तयार हवी, असं धरून चाला.

पाठवताना काय पाळायचं ते ऐका. कथा युनिकोडमध्ये टाइप केलेली असावी. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर नुसती चिन्हं दाखवते आणि संपादक ती उघडायच्या भानगडीत पडत नाही. पीडीएफ न पाठवता ज्यात दुरुस्ती करता येते अशी फाइल पाठवा. कथेच्या शेवटी नाव, पत्ता, फोन नंबर. ईमेलमध्ये चारच ओळी: कथेचं नाव, शब्दसंख्या, ती अप्रकाशित आहे हे, आणि तुम्ही कोण, कुठले. समाजमाध्यमावर आधी टाकलेली कथा अनेक संपादक अप्रकाशित धरत नाहीत, तेव्हा घाईने तिथे टाकू नका. एका वेळी एकाच अंकाला पाठवा. हाताने लिहून पाठवत असाल तर कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, आणि झेरॉक्स काढून ठेवल्याशिवाय पाकीट बंद करू नका. लांबीबद्दल माझं मत असं की पहिल्या काही कथा दोन-अडीच हजार शब्दांत बसवाव्यात. नव्या लेखकाची लांबलचक कथा निवडणं संपादकाला जड जातं.

पैशांचंही सांगून टाकते. थोडे अंक मानधन देतात, बरेचसे लेखकाला अंकाची प्रत देतात. पहिल्या वर्षी प्रत आली तरी ती मोलाची आहे. मात्र छापण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले तर थांबा. ‘प्रातिनिधिक संग्रह’ काढतो, एवढी रक्कम भरा, एवढ्या प्रती घ्या, सोबत सन्मानपत्र मिळेल, असे निरोप नव्या कवींना आणि कथाकारांना सारखे येतात. त्या पुस्तकांचे वाचक म्हणजे त्यात पैसे भरलेले लेखकच असतात. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून वाईट हे की कोणीही न वाचता तुमचं लिखाण छापलेलं असतं. त्यातून उमेद मिळत नाही.

पाचवी पायरी: साभार परत

पूर्वी पाकिटात आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घालून पाठवावं लागे आणि त्याच पाकिटातून कथा परत येई. ‘साभार परत’ ही दोन शब्दांची चिठ्ठी पाहिली नाही असा जुना लेखक सापडणं कठीण. आता बहुतेक वेळा तीही येत नाही, नुसती शांतता असते. ही शांतता पहिल्या वर्षी फार जणांचं लिहिणं बंद पाडते, म्हणून ती का असते ते समजून घ्या.

दिवाळी अंक काढणारी माणसं बहुतेक ठिकाणी दोन-तीनच असतात. ती नोकऱ्या सांभाळून हे करतात. अंकाची पानं जाहिरातींवर ठरतात आणि छपाई फर्म्यांच्या हिशेबाने होते. सोळा पानांचा एक फर्मा धरा. जाहिराती कमी पडल्या की एक फर्मा कमी होतो आणि त्याबरोबर निवडून ठेवलेल्या दोन-तीन कथा बाहेर जातात. त्या वाईट होत्या म्हणून गेलेल्या नसतात. शिवाय एकाच विषयावरच्या चार कथा आल्या तर एकच घेतली जाते. तुमच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही, पोचते ती फक्त शांतता. तिचा अर्थ ‘तुम्हाला लिहिता येत नाही’ असा लावायला काहीच आधार नसतो.

यावर उपाय म्हणजे वहीतलं एक पान. त्यावर रकाने आखा: कथेचं नाव, कुठे पाठवली, कधी, काय उत्तर आलं, आणि यानंतर कुठे पाठवायची. शेवटचा रकाना कथा पाठवायच्या आधीच भरायचा, हे महत्त्वाचं. कथा परत आली, किंवा अंक बाजारात आला आणि तिचं नाव नाही असं दिसलं, तर त्या दिवशी काही ठरवायचं उरत नाही. पुढचा पत्ता लिहिलेला असतो, तिथे पाठवायची. दुखावलेल्या मनाने निर्णय घ्यायची वेळच येऊ द्यायची नाही. मुदत उलटून दोन महिने झाले तर संपादकांना एकदा, एकदाच, अदबीने फोन करून विचारलं तर चालतं. निवड का झाली नाही यावर मात्र वाद घालू नका.

आणि एखाद्या संपादकाने परत पाठवताना दोन ओळी लिहिल्या असतील, ‘शेवट घाईचा वाटतो’ किंवा ‘सासूचं पात्र आणखी यायला हवं होतं’ अशा, तर ती नकाराची चिठ्ठी समजू नका. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळातली ‘सत्यकथा’ अशाच पत्रांसाठी ओळखली जायची. कथा कुठे अडते आहे हे संपादक सविस्तर लिहून कळवत आणि लेखक ती पुन्हा लिहीत. ते मासिक 1982 साली बंद झालं. आज तेवढा वेळ कोणाकडे नाही, म्हणूनच आज आलेल्या दोन ओळींची किंमत जास्त. पंधरा दिवसांत कथा पुन्हा लिहा आणि त्यांनाच विचारा, सुधारलेली पाठवू का?

दूर राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते. बेळगाव, इंदूर, बडोदा, पणजी, नाहीतर थेट परदेशात बसून मराठीत लिहिणाऱ्याला आसपास वाचणारं कोणी दिसत नाही. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळापासून ते लांबच राहिले. पण त्यांचा पत्रव्यवहार अफाट होता. श्री. पु. भागवत, म. द. हातकणंगलेकर, सुनीता देशपांडे यांना लिहिलेली त्यांची पत्रं त्यांच्यामागे पुस्तकरूपाने आली आहेत. ती वाचताना कळतं की गाव एकाकी असलं तरी टपाल एकाकी नव्हतं. तुमच्याकडे तर फोन आहे. महिन्यातून एकदा एका माणसाला एक लांब पत्र, ईमेलने का होईना, लिहायला सुरुवात करा. कथेबद्दल लिहा, वाचलेल्याबद्दल लिहा. अशी पत्रमैत्री जमली की वर्षानुवर्षं टिकते.

सहावी पायरी: कोरडे महिने

ते येणारच. दोन महिने एक वाक्य जमत नाही. त्या काळात कथा लिहायचा हट्ट सोडा, पण वही सोडू नका. आवडत्या कथेचं एक पान हाताने उतरवून काढा. वाचताना जे निसटतं ते लिहिताना बोटांना कळतं: वाक्य कुठे तोडलंय, माणसाचं नाव किती वेळा घेतलंय. आजीच्या तोंडचे शब्द, बाजारात ऐकलेलं भांडण, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईचं फोनवरचं बोलणं, हे टिपून ठेवा. काकांच्या कथेतला ‘मेळ घालणं’ हा शब्द मी अशीच माझ्या वहीत उतरवून ठेवला आहे.

‘काय मिळतं हे करून?’ हा प्रश्न घरातून याच काळात येतो. त्याला उत्तर देत बसू नका. ठरलेल्या वेळी वहीशी बसलेलं माणूस घराला हळूहळू सवयीचं होतं, आणि मग चहा आणून देणारंही कोणी निघतं. मात्र लिहिण्याबरोबर झोप, भूक, माणसांत मिसळणं हेही आठवडेच्या आठवडे गेलं असेल तर तो लिहिण्याचा प्रश्न नाही. डॉक्टरांशी बोला. कथा थांबेल तुमच्यासाठी.

सातवी पायरी: चार जणांची बैठक

एका वाचकापासून सुरुवात केलीत, आता चौघं जमवा. पाचाच्या वर जाऊ नका, नाहीतर प्रत्येकाची पाळी यायला वेळ लागतो. जागा वाचनालयातच मिळते, कारण संध्याकाळी सातनंतर तिथली खोली रिकामी असते आणि ग्रंथपालांना माणसं आलेली हवीच असतात. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद, कोकण मराठी साहित्य परिषद यांच्या शाखा अनेक गावांत आहेत. तुमच्या गावात असेल तर जाऊन चौकशी करा. पण शाखा नाही म्हणून अडून बसू नका. साठच्या दशकात ज्यांना प्रस्थापित मासिकांत जागा नव्हती, किंवा नको होती, त्यांनी स्वतःची अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारे छोटे अंक, काढली आणि सायक्लोस्टाइल करून हातोहात वाटली. मराठी कवितेचं वळण त्यांतून बदललं, आणि सुरुवातीला तीही एकमेकांना वाचून दाखवणारी मूठभर मित्रमंडळीच होती.

बैठकीचे नियम आमच्याकडे असे आहेत. लेखकाने कथा मोठ्याने वाचायची, प्रत बाकीच्यांच्या हातात. वाचून झाल्यावर लेखकाने गप्प बसायचं, खुलासे करायचे नाहीत. कथेत जे नाही ते तोंडाने सांगून भरता येत नाही. ऐकणाऱ्यांनी आधी आपल्याला काय दिसलं ते सांगायचं: ‘मला ती खिडकी दिसली, पण मुलगा किती वर्षांचा आहे ते कळलं नाही.’ मग प्रश्न. ‘मी असतो तर असं लिहिलं असतं’ हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. ‘छान’ म्हणायला हरकत नाही, फक्त कुठली ओळ छान ते बोट ठेवून दाखवायचं. आणि उठायच्या आधी पुढच्या वेळी कोण काय आणणार ते फळ्यावर लिहायचं. फळ्यावर आपलं नाव लिहिलेलं पाहून घरी गेलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने येत नाही.

दुसऱ्याची कथा नीट ऐकण्याचा तुमच्या लिहिण्याला जो फायदा होतो तो मला फार मोठा वाटतो. ‘इथे माझं लक्ष उडालं’ हे दुसऱ्याला सांगताना आपल्या कथेतली तशीच जागा आठवते. कोणत्याही पुस्तकातल्या सल्ल्यापेक्षा हे चटकन उमगतं.

27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिन असतो. शाळा, वाचनालयं, बँका, सरकारी कार्यालयं सगळीकडे कार्यक्रम होतात, आणि ठरलेल्या वक्त्याशिवाय आणखी काय ठेवावं हा प्रश्न संयोजकांना असतो. जानेवारीतच जाऊन भेटा आणि तुमच्या चौघांसाठी प्रत्येकी पाच मिनिटं मागा. पाच मिनिटांत साधारण सहाशे शब्द वाचून होतात. कथेचा असा तुकडा निवडा ज्यात दोन माणसं एकमेकांशी बोलत आहेत, आणि तो घरी दोनदा घड्याळ लावून वाचून बघा. अक्षर मोठं करून एकाच बाजूला छापून न्या, पानांवर आकडे घाला. वाचताना मधूनच वर बघा. एखाद्या रांगेत कोणीतरी पुढे झुकून ऐकत असेल. कार्यक्रम संपला की त्या माणसाला गाठा, आणि पुढच्या रविवारी चार पानं पाठवली तर चालतील का ते विचारा.